वाटसरूसाठी कोरलेली अक्षरे

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस, मृतांच्या स्मरणदिनाची तयारी चालू असताना, आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध बाई आपल्या थोरल्या मुलासह मला भेटावयास आल्या. वर्षभरापूर्वी त्यांचे यजमान निवर्तले होते. थडग्यावर संगमरवराची लहानशी फरशी बसवावी, असे कुटुंबाने ठरविले होते. पाथरवट अक्षरागणिक दर लावतो. काना-मात्रा तो वेगळी धरत नाही. जोडाक्षराची मात्र दोन अक्षरे धरतो. जमलेल्या पैशांत साठ अक्षरे बसत होती. मुलाने वहीच्या पानावर मजकुराचा कच्चा मसुदा करून आणला होता. त्यात वडिलांची पदवी होती, नोकरीतील हुद्दा होता, ज्या दोन संस्थांचे ते पदाधिकारी होते त्यांची नावे होती. आणि अक्षरे शंभरावर गेली होती. "फादर, यातलं काय गाळायचं ते तुम्हीच सांगा," तो म्हणाला. आई काहीच बोलल्या नाहीत.

मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. सेमिनरीत लॅटिन शिकत असताना मी रोमन शिलालेखांची एक वही केली होती. धातूंची रूपे घोटून घेण्यासाठी आमचे प्राध्यापक दर आठवड्याला एक शिलालेख फळ्यावर लिहीत आणि आम्ही तो उतरवून घेत असू. ती वही मी त्या आठ दिवसांत पुन्हा वाचून काढली. इतिहासाचे अभ्यासक या लेखांकडे साधने म्हणून पाहतात आणि ते योग्यच आहे. परंतु हा एक वाङ्मयप्रकारही आहे, आणि त्याचे नियम कठोर आहेत. जागा थोडी, अक्षर महाग, खोडून पुन्हा लिहिण्याची सोय नाही, आणि वाचक उन्हातान्हात उभ्या उभ्या वाचणारा. अशा लेखनाची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी? मला सुचलेली कसोटी साधी आहे. दगडासमोर थांबलेल्या अनोळखी वाटसरूला हा लेख काय देतो, आणि त्याच्याकडून काय मागतो, एवढेच पाहावे.

प्रारंभ मैलाच्या दगडापासून करू. आपण 'मैल' म्हणतो तो शब्द इंग्रजीच्या वाटेने आला असला तरी त्याचे मूळ 'हजार' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. रोमन सैनिकाची हजार दुहेरी पावले म्हणजे एक मैल. आजच्या मापाने सुमारे १,४८० मीटर. गायस ग्राकस याने इ.स.पूर्व १२३-१२२ च्या सुमारास रस्ते बांधताना प्रत्येक मैलाला दगडी खांब उभारविले, असे चरित्रकार प्लुटार्क सांगतो. पुढे साम्राज्य पसरले तसे हे खांबही ब्रिटनपासून सीरियापर्यंत पसरले. खांब बहुधा गोल, चौरस बैठकीवर उभा, पुरुषभर उंच किंवा त्याहूनही उंच. त्यावर अंतराचा आकडा, आकड्याआधी 'हजार पावले' या अर्थाची दोन संक्षेपाक्षरे, आणि ज्याच्या कारकिर्दीत रस्ता बांधला वा दुरुस्त झाला त्याचे नाव.

या प्रकारातील एक प्रसिद्ध खांब आप्पियन मार्गावरील पहिल्या मैलाचा आहे. हा मार्ग आप्पियुस क्लाउदियुस याने इ.स.पूर्व ३१२ मध्ये सुरू केला. तो खांब आज रोमच्या कॅपिटोल टेकडीच्या कठड्यावर ठेवलेला आहे. त्यावर एकचा आकडा आहे, आणि सम्राट वेस्पासियन याची इ.स. ७६ मधील बिरुदावली आहे: श्रेष्ठ पुरोहित, लोकरक्षकाचा अधिकार सातव्यांदा धारण करणारा, देशाचा पिता, सातव्यांदा कॉन्सल आणि आठव्यांदा नियुक्त. तिच्याखाली इ.स. ९७ मध्ये सम्राट नेर्वा याने आपल्या पदव्या कोरविल्या आणि हा रस्ता आपण दुरुस्त केला, असे एका क्रियापदात नोंदविले. आमची कसोटी येथे लावून पाहा. चालून दमलेल्या माणसाला या दगडाकडून काय हवे आहे? एक आकडा. तो त्याला मिळतो. परंतु त्या एका आकड्यासाठी त्याला दोन सम्राटांच्या पदव्यांचा डोंगर ओलांडावा लागतो. त्यातही नेर्वाचा लेख मला अधिक भावतो, कारण त्याच्या शेवटी निदान एक कृती आहे. वेस्पासियनच्या लेखात क्रियापद नाही. पदव्यांनी भरलेल्या लेखात क्रियापदाला जागा उरत नाही, ही खोड आपल्याकडच्या कोनशिलांतही आढळते.

काळ सरला तसा हा तोल अधिकच ढळला. तिसऱ्या-चौथ्या शतकांतील खांबांवर सम्राटाचे नाव कर्त्याच्या विभक्तीतून चतुर्थीत गेलेले अनेकदा दिसते. 'अमक्याने हा रस्ता बांधला' याऐवजी 'अमक्यास हा दगड अर्पण' असा अर्थ झाला. कित्येक खांबांवर तर अंतराचा आकडाच नाही. सम्राट भराभर बदलत होते. एकाच्या नावाचा खांब उलटा करून दुसऱ्या टोकाला नव्याचे नाव कोरल्याची उदाहरणेही आहेत. व्याकरणाच्या एका विभक्तीत केवढा इतिहास दडलेला असतो ते येथे दिसते. वाटसरूसाठी उभारलेला दगड राजनिष्ठेचे प्रदर्शन होऊन बसला, आणि वाट विचारणाऱ्याला त्याने उत्तर देणे बंद केले.

संत पौल याच आप्पियन मार्गाने रोमला आला, इ.स. ६० च्या सुमारास, बेड्या घातलेला कैदी म्हणून. वेस्पासियनची अक्षरे तेव्हा कोरली गेलेली नव्हती. परंतु मार्ग मोजलेला होता. प्रेषितांच्या कृत्यांच्या अखेरच्या अध्यायात लूक सांगतो की, रोममधील बंधुजन पौलाला भेटण्यासाठी आप्पियाच्या बाजारपेठेपर्यंत व तीन धर्मशाळांपर्यंत सामोरे गेले. पहिले ठिकाण रोमपासून ४३ मैलांवर होते, दुसरे ३३ मैलांवर. म्हणजे काही जण ज्याला कधी पाहिले नव्हते अशा एका कैद्यासाठी सुमारे ६४ किलोमीटर गेले, आणि परतीची वाट वेगळीच. त्यांना पाहून पौलाने देवाचे आभार मानले व त्याला धीर आला, असे लूक लिहितो. मैलाच्या दगडांचा याहून चांगला उपयोग कोणी केला असेल असे मला वाटत नाही. त्या ४३ दगडांवरून त्या बंधुजनांच्या प्रेमाचे अंतर आज आपल्याला मोजता येते.

पौलाच्या या प्रवासाचा उगमही एका दगडापाशी आहे. यरुशलेमच्या मंदिरात परराष्ट्रीयांसाठी बाहेरचे अंगण होते. त्याच्या आतल्या कठड्यावर ग्रीक भाषेत इशारे कोरलेले होते. परक्याने ही सीमा ओलांडू नये. जो सापडेल तो स्वतःच्या मृत्यूला स्वतःच जबाबदार राहील, असा त्यांचा आशय. असा एक अखंड दगड १८७१ साली सापडला व तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. पौलाने एका ग्रीक माणसाला या सीमेच्या आत नेले, या आरोपावरूनच दंगल झाली आणि त्याला अटक झाली. लेखनाच्या दृष्टीने पाहिले तर हा इशारा निर्दोष आहे. एकही शब्द अधिक नाही, एकही पदवी नाही. वाचकाकडे त्याचे पूर्ण लक्ष आहे. मात्र ते लक्ष त्याला बाहेर ठेवण्यासाठी आहे. नेमकेपणा हा गुण आहे, परंतु तेवढ्याने लेख चांगला ठरत नाही, हे मी या दगडापासून शिकलो. भिंत पाडून दोघांना एक करणाऱ्या ख्रिस्ताविषयी इफिसकरांस पत्रात जे म्हटले आहे, ते वाचताना हा दगड डोळ्यांसमोर ठेवावा.

आता खोडलेल्या अक्षरांकडे वळू. रोमन सत्तेला जसे नाव कोरणे ठाऊक होते, तसेच ते टाकीने तासून काढणेही ठाऊक होते. रोमच्या फोरममध्ये सेप्तिमियुस सेवेरुस याची कमान इ.स. २०३ मध्ये उभी राहिली. तिच्यावर सम्राटाचे, थोरला मुलगा काराकाल्ला याचे आणि धाकटा मुलगा गेता याचे, अशी नावे होती. इ.स. २११ मध्ये काराकाल्लाने गेताची हत्या करविली आणि त्याचे नाव साम्राज्यभर खोडून काढण्याचा हुकूम सुटला. कमानीवरील गेताची ओळ तासून तेथे उरलेल्या दोघांच्या स्तुतीचे शब्द भरले गेले: सर्वोत्तम आणि अत्यंत शूर अधिपती. भावाचा खून करणाऱ्याला 'सर्वोत्तम' म्हणणारे हे शब्द त्याच भावाच्या नावाच्या जागेत बसविलेले आहेत. मूळ धातूची अक्षरे अडकविण्यासाठी पाडलेली छिद्रे मात्र राहिली, आणि त्यांवरून अभ्यासकांनी जुनी ओळ पुन्हा वाचली. जागा भरण्यासाठी वापरलेले विशेषण किती पोकळ असू शकते, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. श्रद्धांजलीच्या भाषणांत आपणही कधी कधी अशीच विशेषणे वापरतो. एखादी न सांगण्यासारखी गोष्ट झाकायची असते म्हणून.

सत्तेच्या दगडांचे पुढे काय होते, याची एक कथा आपल्या विश्वासांगीकाराशी निगडित आहे. १९६१ साली कैसरियाच्या रोमन रंगमंडलाचे उत्खनन चालू असताना इटालियन पुरातत्त्वज्ञांना चुनखडीचा एक तुटका दगड मिळाला. नंतरच्या कोणा बांधकाम करणाऱ्याने तो पायरी म्हणून वापरला होता. त्यावर तिबेरियस सम्राटाच्या सन्मानार्थ उभारलेल्या एका वास्तूचा उल्लेख आणि ती उभारणाऱ्याचे नाव व पद आहे: पोंतियुस पिलातुस, यहुदियाचा प्रिफेक्ट. पिलाताने हा दगड बसविला तो धन्याच्या कृपादृष्टीसाठी. त्याचे नाव मात्र आज जगभर रविवारी उच्चारले जाते ते दुसऱ्याच कारणासाठी, ज्या कैद्याला त्याने क्रुसावर पाठविले त्याच्यामुळे. त्या कैद्यासाठी पिलाताने कोरविलेला लेख एकच होता, क्रुसावरील पाटी. आणि त्या पाटीतील शब्द बदलण्यास त्याने नकार दिला, असे योहान सांगतो. पिलाताच्या दोन लेखांपैकी खरा ठरला तो हा दुसरा.

रोमन कायद्याने नगराच्या सीमेत प्रेत पुरण्यास मनाई होती. त्यामुळे थडगी रस्त्याच्या कडेला बांधली जात, आणि मैलाचे दगड व थडग्यांचे दगड एकाच ओळीत उभे राहत. थडग्यावरचा लेखही म्हणूनच वाटसरूला हाक मारून सुरू होई. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातील क्लाउदिया नावाच्या स्त्रीचा लेख या परंपरेचा मुकुटमणी आहे. अनोळखी माणसा, माझे सांगणे थोडे आहे, थांब आणि वाच, अशा आशयाने तो आरंभतो. ती पतीवर मनापासून प्रेम करीत असे. तिला दोन मुलगे झाले, त्यांतील एक भूमीवर आहे, एक भूमीखाली. तिचे बोलणे गोड होते. तिने घर सांभाळले, लोकर कातली. आणि मग, माझे सांगून झाले, तू जा. संपूर्ण लेखात एकही पदवी नाही. वाचकाचा वेळ घेतल्याची जाणीव लेखकाला आहे, आणि निरोप देण्याचे सौजन्यही आहे. एका मुलाच्या मृत्यूविषयी तो फक्त दोन शब्दयोगी अव्ययांतला फरक सांगतो आणि शोक वाचकावर सोपवितो.

परंतु याच रस्त्यांवर दुसराही एक सूर ऐकू येतो. मी नव्हतो, मी होतो, आता मी नाही, मला पर्वा नाही, अशा अर्थाचे एक सूत्र इतके रूढ झाले होते की ते नुसत्या आद्याक्षरांनी लिहीत. त्याची शैली सुबक आहे, परंतु वाटसरूला त्यातून काही मिळत नाही. एक खांदा उडविलेला दिसतो, एवढेच.

याच रूढ चौकटीत ख्रिस्ती लेखकांनी काय केले, ते पाहण्यासाठी फ्रिजियातील हिएरोपोलिसच्या अबेर्कियुस या बिशपांचा लेख वाचावा. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांनी आपल्या थडग्यासाठी तो स्वतः रचला. सर विल्यम रॅम्झी यांना १८८३ साली त्याचे तुकडे सापडले. ते आज व्हॅटिकनमध्ये आहेत. हा लेख ग्रीक पद्यात आहे आणि बाहेरच्या माणसाला तो एका प्रवाशाचे वर्णन वाटेल. एका पवित्र मेंढपाळाचा मी शिष्य, त्याने मला रोमला पाठविले, तेथे मी सुवर्णवस्त्र ल्यालेली राणी पाहिली व झळाळती मुद्रा धारण करणारे लोक पाहिले. फरात ओलांडून निसिबिसपर्यंत गेलो. सर्वत्र मला सोबती भेटले, पौल माझ्याबरोबर होता. श्रद्धेने मला सर्वत्र झऱ्यातील मासा अन्न म्हणून दिला, जो एका शुद्ध कुमारीने धरला होता, आणि द्राक्षारस व भाकरही दिली. ज्याला ही खूण कळते त्याने अबेर्कियुससाठी प्रार्थना करावी, अशी त्यांची विनंती आहे. आपल्या पवित्र मिस्सेची इतकी जुनी साक्ष दगडावर दुसरी क्वचितच असेल.

परंतु माझे लक्ष लेखाच्या शेवटाकडे जाते. माझ्या थडग्यात दुसऱ्या कोणाला पुरू नये. पुरल्यास रोमन खजिन्यात दोन हजार सोन्याची नाणी आणि माझ्या गावी हिएरोपोलिसला एक हजार भरावीत, असे त्यात बजावले आहे. असा दंड लिहिण्याची त्या प्रदेशात रीतच होती. स्वर्गीय भोजनाचे गाणे गाणाऱ्या म्हाताऱ्या बिशपांना आपल्या जागेचीही काळजी होती! काही टीकाकारांना हे खटकते. मला त्यामुळे ते अधिक जवळचे वाटतात. आमच्या दफनभूमीच्या नोंदवहीवरून दर वर्षी होणारे तंटे मी मिटवीत आलो आहे. श्रद्धा आणि सातबारा एकाच माणसाच्या मनात शेजारी शेजारी राहतात, हे मला नवे नाही. लेखाचा मान मात्र त्या दंडामुळे ठरत नाही. तो ठरतो वाटसरूकडे केलेल्या मागणीने. येथे प्रथमच मृताने वाचकाकडून असे काही मागितले आहे जे वाचक खरोखर देऊ शकतो.

आता पुन्हा आप्पियन मार्गाकडे. नगरापासून थोड्याच अंतरावर संत कालिस्तुस यांचे कॅटॅकोम आहे. १८४९ साली जोव्हानी बात्तिस्ता दे रोस्सी या विद्वानाला तेथील एका द्राक्षमळ्यात संगमरवराचा तुकडा मिळाला. त्यावर एका नावाची शेवटची अक्षरे आणि 'रक्तसाक्षी' हा शब्द होता. हे नाव कोर्नेलियुस असावे, म्हणजे येथेच कोठेतरी इ.स. २५३ मध्ये निवर्तलेल्या पोप कोर्नेलियुस यांची कबर असावी, असा तर्क त्याने केला. १८५२ साली ती कबर व फरशीचा उरलेला भाग सापडला. दोन वर्षांनी जवळच पोपांची समाधिगृहे उघडली गेली.

तेथे पोप फाबियान यांची फरशी आहे. इ.स. २५० मध्ये देकियुसच्या छळात ते मारले गेले. फरशीवर ग्रीक लिपीत त्यांचे नाव, 'बिशप' या शब्दाचा संक्षेप, आणि शेवटी 'रक्तसाक्षी' या शब्दाची दोन अक्षरे, एवढेच आहे. ही शेवटची दोन अक्षरे वेगळ्या हाताची व उथळ आहेत. ती मागाहून कोरलेली आहेत. प्रथम पुरले तेव्हा फक्त नाव आणि सेवेचे पद लिहिले गेले. त्यांच्या मृत्यूचा अर्थ सांगणारी अक्षरे ख्रिस्तसभेने नंतर, विचारान्ती, तेथे उतरून कोरली. सेवेरुसच्या कमानीवरील तासलेली ओळ आणि फाबियान यांचा मृत्यू यांत ४० वर्षांचेही अंतर नाही. एका ठिकाणी टाकीने माणूस वजा केला, दुसऱ्या ठिकाणी त्याच टाकीने त्याच्या नावात भर घातली. भर घालणाऱ्याने आपले नाव लिहिले नाही.

त्या काळच्या सामान्य ख्रिस्ती फरशा याहूनही साध्या आहेत. गुलाम होता की मुक्त, हे त्यांवर क्वचितच आढळते. 'शांतीत' हा शब्द येतो, आणि पुष्कळदा दफनाचा दिवस येतो, कारण त्या दिवशी दर वर्षी प्रार्थनेसाठी जमायचे असे. दफनासाठी त्यांनी वापरलेला शब्द कायद्यातला होता: ठेव म्हणून सोपविणे. ठेव परत घ्यायची असते. पुनरुत्थानावरील प्रवचनासाठी याहून अधिक काय हवे?

आपली ख्रिस्तसभा या मोहातून नेहमीच सुटली आहे, असे मात्र म्हणता येत नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोप सिक्स्तुस पाचवे यांनी रोममधील मार्कुस औरेलियुसच्या स्तंभावर संत पौलाचा पुतळा बसविला आणि तळाशी आपल्या नावाचा भव्य लेख कोरविला. त्या लेखात हा स्तंभ आन्तोनिनुस पियुस याचा आहे, असे चुकीचे म्हटले आहे. चूक आजही तेथे आहे, श्रेष्ठ पुरोहित या बिरुदासह. एके काळी वेस्पासियनच्या खांबावर असलेली ती पदवी मध्यंतरी आपल्या घरी आली, आणि पदव्यांबरोबर घाईही आली असावी. मीही येथे निष्कलंक नाही. एका जुन्या धर्मग्रामात सभागृह बांधले तेव्हाच्या कोनशिलेवर माझे नाव तिसऱ्या ओळीत आहे; ज्या गवंड्यांनी पावसाळ्याआधी छप्पर चढविले त्यांपैकी एकाचेही नाव तेथे नाही. ते कोणाच्या लक्षात आले नाही, माझ्याही नाही, आणि हीच तक्रार मी वेस्पासियनविरुद्ध वर केली आहे.

आठ दिवसांनी ते मायलेक पुन्हा आले. मी त्यांना क्लाउदिया, अबेर्कियुस, फाबियान यांच्याविषयी सांगितले; मुलाने शांतपणे ऐकले, परंतु वडिलांचा हुद्दा गाळणे त्याला जड जात होते. त्याचेही मला पटत होते, कारण तो हुद्दा त्यांनी कष्टाने मिळविला होता. तेव्हा आई प्रथमच बोलल्या. "फादर, तिथून येणारे-जाणारे सगळे अनोळखी असतात. त्यांना हुद्द्याचं काय? त्यांनी उभं राहून एक 'आमच्या बापा' म्हटलं तर बरं." मग आम्ही तिघांनी कागद पुढे घेतला. नाव, दफनाचा दिवस, पत्नी व मुले यांचा उल्लेख, आणि शेवटी 'माझ्यासाठी प्रार्थना करा'. ही नऊ अक्षरे. तीन जोडाक्षरे धरून पाथरवटाच्या हिशेबाने बारा. एकूण मजकूर साठाच्या आतच राहिला.

उरलेल्या जागेत काय घालायचे, असे मुलाने विचारले. आई म्हणाल्या, ती माझ्यासाठी राहू दे.